पेहरावाचे नियम : कोणते अल्लाहचे, कोणते आपले?



वस्त्र ही मानवाला लाभलेली अल्लाहची मोठी देणगी आहे. पवित्र कुरआनच्या सूरह अल्-आराफमध्ये (आयत २६) आदमच्या संततीला उद्देशून जे सांगितले आहे, त्याचा आशय असा की अल्लाहने वस्त्र दिले ते दोन कामांसाठी : लज्जास्थाने झाकली जावीत आणि शरीराला शोभा यावी. त्याला लागूनच तिसऱ्या एका वस्त्राचा उल्लेख येतो, तो ईशभयाच्या वस्त्राचा, आणि तेच सर्वांत उत्तम ठरविले आहे. याच सूरहमध्ये थोडे पुढे (आयत ३१-३२) उपासनेच्या प्रत्येक प्रसंगी आपली शोभा धारण करण्याची आज्ञा आहे, उधळपट्टीची मनाई आहे, आणि अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा निषिद्ध ठरविणारा कोण, असा खडा सवालही आहे.

म्हणून पोशाखाविषयी बोलताना मुस्लिमाने दोन्ही बाजूंनी जपून राहावे लागते. जे निषिद्ध आहे ते वैध ठरविणे हा जसा अपराध, तसाच जे वैध आहे ते केवळ आपल्या सवयीच्या बळावर निषिद्ध ठरविणे हाही अपराधच होय. पहिल्या अपराधावर आपल्याकडे पुष्कळ प्रवचने होतात. दुसऱ्याची चर्चा क्वचितच होते.

ही चर्चा करण्याचे निमित्त साधे आहे. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचे हिवरखेड वसलेले आहे. शिक्षणासाठी मोठ्या शहरात गेलेला गावातील एक तरुण सुट्टीत घरी आला आणि असरच्या नमाजला मशिदीत आला. अंगात लांब सदरा होता आणि कमरेखाली विजारीऐवजी काळ्या रंगाचा, चुण्या घातलेला, घोट्याच्या वरपर्यंत येणारा घेरदार पोशाख. शहरातील दुकानांत असा पोशाख आता पुरुषांसाठी म्हणून विकला जातो. चित्रपट अभिनेते रणवीर सिंह यांच्यासारखी माणसे मुंबईतील समारंभांत असे घेरदार कपडे घालून आलेली वाचकांनी छायाचित्रांत पाहिली असतील. नमाज संपली आणि कुजबूज सुरू झाली. पोराने परकर नेसून मशीद बाटवली, इथपर्यंत बोलणे गेले. बोलणाऱ्यांपैकी तिघेचौघे वैशाखाच्या उकाड्यामुळे लुंगी नेसूनच आले होते, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. मुलाचे वडील मान खाली घालून बसले. शेवटी इमाम म्हणून माझ्याकडे निवाडा मागितला गेला. त्या दिवशी थोडक्यात दिलेले उत्तर येथे सविस्तर मांडतो. कारण प्रश्न एका मुलाच्या एका वस्त्रापुरता नाही. धर्माचा नियम कोठे संपतो आणि आपली सवय कोठे सुरू होते, हा तो प्रश्न आहे.

आकाराला लिंग नसते

प्रथम वस्त्राच्या आकाराचा विचार करू. दोन पायांना वेगवेगळे न झाकता कमरेपासून एकच घेर खाली सोडणे, एवढ्यानेच एखादे वस्त्र बायकी ठरते काय? ठरत असेल तर फार मोठी अडचण उभी राहील. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळी अरबस्तानात पुरुषांचा सर्वसाधारण वेष इझार आणि रिदा असा होता. इझार म्हणजे कमरेला गुंडाळण्याचे न शिवलेले वस्त्र, ज्याला आपण तहबंद किंवा लुंगी म्हणतो. रिदा म्हणजे खांद्यावर घेण्याची चादर. प्रेषितांच्या (स.) निधनानंतर आदरणीय आयेशा (रजि.) यांनी लोकांना एक जाडाभरडा इझार काढून दाखविला होता. याच वस्त्रात प्रेषितांनी (स.) अखेरचा श्वास घेतला, असे त्यांनी सांगितल्याचे बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आले आहे. आजही हजला जाणारा प्रत्येक पुरुष एहरामच्या अवस्थेत विजार उतरवून ठेवतो आणि कमरेला न शिवलेले कापड गुंडाळतो. लक्षावधी पुरुष एकाच वेळी काबागृहाभोवती तवाफ करतात तेव्हा त्यांच्या अंगावर पाटलोण नसते.

जगाकडे पाहिले तरी हेच दिसते. इंडोनेशिया व मलेशियातील मुस्लिम सारोंग नेसून मशिदीत जातात. येमेनमधील पुरुषांची फूता, म्यानमारमधील लोंजी, केरळातील मुंडू ही सारी याच कुळातील वस्त्रे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील पुरुषांचा किल्ट हा चुण्यांचा, गुडघ्यापर्यंतचा घागराच होय. आणि तो इतका मर्दानी समजला जाई की तेथील बंडानंतर इंग्रज सरकारने १७४६ च्या कायद्याने त्यावर बंदी घातली. ती बंदी १७८२ मध्ये उठली. आपल्याकडील मोगल आणि मराठा सरदारांची जुनी चित्रे पाहा. कमरेखाली भरघोस घेर असलेला जामा घालूनच ते दरबारात उभे असत, घोड्यावर बसत आणि लढाईलाही जात.

उलट बाजूही पाहावी. आपल्या वऱ्हाडात आणि एकूण महाराष्ट्रात शेतात राबणाऱ्या स्त्रिया नऊवारी लुगडे नेसत आल्या. त्याचा कासोटा दोन पायांमधून मागे खोचलेला असतो, पुरुषाच्या धोतरासारखाच. कापूस वेचताना, निंदण करताना वाकावे-बसावे लागते, त्यासाठी ती नेसण सोयीची. तिला कोणी पुरुषांची नक्कल म्हटले नाही. सलवार तर दोन पायांची, तरीही ती आज आपल्या मुलींचा सर्वांत शालीन वेष मानली जाते. म्हणजे एका पायाचे वस्त्र स्त्रीचे आणि दोन पायांचे पुरुषाचे, असा नियम निसर्गात नाही, आपल्या इतिहासात नाही, आणि शरीअतमध्येही नाही.

मग मनाई कशाची आहे?

येथे वाचक विचारतील : स्त्रियांची नक्कल करणाऱ्या पुरुषांचा आणि पुरुषांची नक्कल करणाऱ्या स्त्रियांचा प्रेषितांनी (स.) कठोर शब्दांत धिक्कार केला आहे ना? होय, केला आहे. आदरणीय इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस बुखारीत आहे आणि ती प्रमाण आहे. स्त्रीचा वेष धारण करणाऱ्या पुरुषाविषयी अबू दाऊदमध्ये स्वतंत्र हदीसही आहे. या हदीसांना बाजूला सारून कोणताही मुस्लिम या विषयावर बोलू शकत नाही, मीही बोलणार नाही.

परंतु ‘स्त्रीचा वेष’ म्हणजे कोणता, याची यादी हदीसमध्ये दिलेली नाही. ती कोण ठरविणार? बुखारीचे थोर भाष्यकार इमाम इब्ने हजर अस्कलानी (मृत्यू इ. स. १४४९) यांनी फत्हुल बारीमध्ये याचे जे उत्तर दिले, त्याचा सारांश असा की पोशाखाची ठेवण प्रत्येक प्रदेशाच्या रूढीनुसार बदलते. काही समाजांत तर स्त्री-पुरुषांच्या कपड्यांत फरकच नसतो. तेथे स्त्रिया ओळखू येतात त्या पडद्यावरून. फिक्‌हशास्त्रात रूढीला ‘उर्फ’ म्हणतात, आणि जेथे स्पष्ट आदेश नाही तेथे रूढी हीच निवाडा करते, हे शास्त्रकारांचे मान्य सूत्र आहे. उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या विधिसंहितेच्या आरंभीच्या सूत्रांत त्याला स्थान मिळाले.

रूढीचा हा अर्थ किती फिरता असतो, याचे एक बोलके उदाहरण आपल्याच देशात आहे. मोगल काळात जाम्याचे बंद मुस्लिम उजवीकडे बांधत आणि हिंदू डावीकडे. केरळात मात्र मापिला मुस्लिम मुंडूचे टोक डावीकडे खोचत आले आणि हिंदू उजवीकडे. खूण एकच, दिशा उलटी. उजवी बाजू इस्लामची की डावी? दोन्ही नव्हेत. लोकांनी त्या बाजूला जो अर्थ दिला, तोच तिचा अर्थ झाला.

सर्व काही रूढीच असेल तर?

आता अवघड शंका. वस्त्राचा अर्थ जर समाजच ठरवीत असेल, तर नक्कल करण्याची मनाई ही सुद्धा रूढीच नव्हे काय? रूढी बदलली की मनाईही गेली, असे कोणी म्हणू लागले तर त्याला काय उत्तर द्यावे?

उत्तरासाठी भाषेकडे पाहू. आपल्या वऱ्हाडात मित्र मित्राला ‘काय बे’ म्हणून हाक मारतो आणि त्यात जिव्हाळा असतो. हाच ‘बे’ पुण्या-साताऱ्याकडे अनोळखी माणसाला उद्देशून वापरला तर तो अपमान वाटेल. कोणता शब्द अपमानाचा, हे त्या त्या ठिकाणची बोली ठरविते. पण म्हणून ‘माणसाचा अपमान करू नये’ हा नियम बोलीवर अवलंबून आहे, असे कोणी म्हणेल काय? नियम सर्वत्र तोच राहतो. तो कोणत्या शब्दाला लागू होईल, हे मात्र ठिकाणागणिक बदलते. पोशाखाचेही तसेच आहे. अल्लाहने स्त्री आणि पुरुष असे भिन्न निर्माण केले, त्या भिन्नतेचा आदर राखावा, एकाने दुसऱ्याचे सोंग घेऊ नये, हा नियम कायम आहे. अमुक गावात, अमुक काळात कोणते वस्त्र म्हणजे सोंग, हे मात्र तेथील लोकव्यवहारावरून समजून घ्यावे लागते.

याच उदाहरणातून दुसऱ्या टोकाच्या मतालाही उत्तर मिळते. ‘माझे शरीर, माझे कपडे, लोकांचा काय संबंध?’ असे पुष्कळ तरुण म्हणतात. परंतु भाषेप्रमाणेच पेहरावही एकट्याचा नसतो. शिवी देऊन नंतर ‘माझ्या मनात या शब्दाचा अर्थ वेगळा होता’ असे म्हणता येत नाही, कारण ऐकणाऱ्याला कळतो तो त्याच्या बोलीतला अर्थ. अंगावरचे वस्त्रही पाहणाऱ्याशी बोलत असते. ते काय बोलेल याची जबाबदारी घालणाऱ्यावर असते. स्वतःच्या आवडीला वाव आहे, पण ती आवड ज्यांच्यामध्ये वागायचे त्यांच्या भाषेत उच्चारावी लागते.

रूढी चुकीची असेल तर?

मात्र रूढीला निवाड्याचा मान दिला म्हणजे प्रत्येक रूढी डोळे मिटून स्वीकारली, असे होत नाही. शास्त्रकारांनी रूढीचे दोन भाग केले आहेत : योग्य रूढी आणि बिघडलेली रूढी. जी अल्लाहच्या आदेशाला किंवा न्यायाला छेद देते ती बिघडलेली. तिला कोणताही अधिकार नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासातील एक प्रसंग येथे आठवतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्य समाजातील स्त्रियांना सांगितले की, ज्या नेसणीवरून व दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखली जाते ती नेसण सोडा, वरिष्ठ म्हणवणाऱ्या जातींच्या स्त्रियांसारखे घोट्यापर्यंत लुगडे नेसा. गुडघ्यापाशी आखूड लुगडे ही त्या स्त्रियांची ‘रूढी’च होती. पण ती त्यांच्या आवडीने आलेली नव्हती. माणसाला कमी लेखण्यासाठी त्याच्या अंगावर चढविलेली ती खूण होती. अशी रूढी मोडणे म्हणजे मर्यादा मोडणे नव्हे, न्यायाकडे परतणे होय.

लुंगीच्याही वाट्याला हा अपमान आलेला आहे. १९६० च्या दशकात मुंबईत दक्षिण भारतीयांविरुद्ध जो प्रचार झाला, त्यात ‘लुंगी’ हा शब्दच हिणवण्यासाठी वापरला गेला. पुढे २०१३ मध्ये बांगलादेशाची राजधानी ढाक्यातील बारिधारा या श्रीमंत वस्तीत रिक्षावाल्यांना लुंगी नेसून येण्यास मज्जाव करण्यात आला. बहुसंख्य मुस्लिमांच्या त्या देशात, ज्यांचे वाडवडील लुंगीतच जगले त्यांनाच लुंगी अशोभनीय वाटू लागली! तेथील तरुणांनी लुंगी नेसून, सायकलींवर बसून त्याचा निषेध केला. येथे प्रश्न लज्जेचा मुळीच नव्हता. गरिबाचे वस्त्र श्रीमंताच्या डोळ्यांना खुपले, एवढेच. म्हणून एखाद्या वस्त्राची किळस वाटली की क्षणभर थांबून स्वतःला विचारावे : ही किळस मला धर्माने शिकविली की माझ्या मोठेपणाने?

पहिला घालणारा

आणखी एक प्रश्न उरतो. रूढी जर निवाडा करीत असेल तर नवे वस्त्र प्रथम घालणारा प्रत्येक वेळी दोषीच ठरेल. मग नवे काही येणारच कसे?

तुर्कस्तानातील टोपीची कथा यावर विचार करण्याजोगी आहे. सुलतान दुसरा महमूद याने १८२९ मध्ये सरकारी सेवकांना पगडीऐवजी फेज, म्हणजे आपण जिला तुर्की टोपी म्हणतो ती, सक्तीची केली तेव्हा अनेकांना ते मुळीच रुचले नाही. शंभर वर्षांच्या आत हीच टोपी मुस्लिम असण्याची खूण बनली. हिंदुस्थानातील सर सय्यद अहमद खान यांच्यासारख्यांच्या डोक्यावरही ती आली. आणि १९२५ मध्ये नव्या तुर्की सरकारने कायदा करून तीच टोपी बंद केली, हॅट सक्तीची केली, तेव्हा लोक तिच्यासाठी रस्त्यावर उतरले आणि काहींना फासावर जावे लागले. आजोबांना जी परकी वाटली, तीच नातवांना प्राणाहून प्रिय वाटली.

प्रेषितांच्या (स.) आचरणात या बाबतीत मोठी मोकळीक दिसते. आदरणीय मुगीरा बिन शोबा (रजि.) सांगतात की एका प्रवासात प्रेषितांच्या (स.) अंगावर शामदेशी झगा होता. त्याच्या बाह्या इतक्या अरुंद होत्या की वुजू करताना त्या वर सरकेनात, तेव्हा हात आतून काढून घ्यावे लागले. शाम तेव्हा रोमन साम्राज्याच्या अधीन होता. परक्या देशात शिवलेले वस्त्र म्हणून प्रेषितांनी (स.) ते नाकारले नाही. तेव्हा ज्या गोष्टी मुळात वैध आहेत त्यांत नवे वस्त्र घालणारा पापी नसतो, तो केवळ वेगळा दिसतो. वेगळे दिसणे हे पाप नाही.

पण वेगळे दिसणे हाच हेतू असेल तर? प्रसिद्धीसाठी, लोकांनी बोट दाखवावे यासाठी वस्त्र घालणाऱ्याला अबू दाऊद व इब्ने माजा यांतील हदीसमध्ये इशारा दिलेला आहे. हा इशारा भरजरी कपड्यांना जितका लागू आहे तितकाच मुद्दाम फाटक्या कपड्यांनाही. आदरणीय उमर (रजि.) खलीफा असताना त्यांच्या सदऱ्यावर दोन खांद्यांच्या मध्ये एकावर एक तीन ठिगळे लावलेली आदरणीय अनस (रजि.) यांनी पाहिली होती, असे मुवत्तामध्ये नोंदलेले आहे. आपल्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर चिंध्यांची गोधडी पांघरून, हातात खराटा व मडके घेऊन हिंडले. त्यांच्याइतका विचित्र वेष वऱ्हाडात दुसऱ्या कोणाचा नसेल. पण लोकांची नजर वेषावर थांबली नाही, ती खराट्याने झाडलेल्या रस्त्याकडे आणि त्यांनी उभारलेल्या धर्मशाळांकडे गेली. तरुण वाचकांनी हीच कसोटी स्वतःला लावावी. माझ्या वस्त्रावरून लोकांची नजर पुढे कोठे जाते, की ती माझ्यापाशीच अडकून राहावी असे मला वाटते?

या कसोटीचे उत्तर फक्त घालणाराच देऊ शकतो. गर्वाने इझार जमिनीवर लोळविणाऱ्याविषयीचा इशारा ऐकून आदरणीय अबू बकर (रजि.) चिंतित झाले, कारण त्यांचा इझार एका बाजूने आपोआप खाली घसरत असे. प्रेषितांनी (स.) त्यांना धीर दिला की तुम्ही गर्वाने तसे करणाऱ्यांपैकी नाही. एकच घसरलेला इझार, पण एकाला इशारा आणि दुसऱ्याला दिलासा. फरक अंतःकरणात होता. ते अंतःकरण प्रेषितांना (स.) ठाऊक होते. आपल्याला शेजाऱ्याचे अंतःकरण ठाऊक नसते.

आता त्या मुलाविषयी

या सर्व विवेचनावरून त्या असरच्या नमाजचा निवाडा काय? पहिली बाब सतराची. हनफी मतानुसार पुरुषाचे शरीर नाभीखालून गुडघ्यासह झाकलेले असावे. ते पूर्णपणे झाकलेले होते, म्हणून नमाज निःसंशय झाली. उलट खाली घसरणाऱ्या तंग जीन्समुळे सजद्यात ज्यांची पाठ उघडी पडते त्या तरुणांविषयी कोणी तक्रार घेऊन आलेले मला आठवत नाही, आणि तक्रार खरी तेथे असायला हवी होती. दुसरी बाब नक्कल करण्याची. ते वस्त्र पुरुषांसाठी शिवलेले, सदऱ्याखाली लुंगीसारखे नेसलेले होते. कोणीही त्या मुलाला स्त्री समजले नाही, आणि तसे समजले जावे असा त्याचा प्रयत्नही नव्हता. म्हणून त्यास निषिद्ध म्हणण्याचा आधार मला सापडत नाही. तोच मुलगा जर आपल्या गावात स्त्रियांचाच म्हणून ओळखला जाणारा घागरा किंवा साडी नेसून, स्त्रियांसारखा शृंगार करून आला असता, तर माझे उत्तर वेगळे असते आणि ते मी तितक्याच स्पष्टपणे दिले असते. तिसरी बाब औचित्याची. जे निषिद्ध नाही ते प्रत्येक ठिकाणी शोभतेच असे नाही. ज्या वस्त्राचा अर्थ गावाला अजून कळत नाही, ते पहिल्याच दिवशी मशिदीच्या सफेत आणल्याने इतरांचे चित्त विचलित होणार असेल, तर ते घरी ठेवून लुंगी किंवा पायजमा नेसून येणे अधिक चांगले. हा आदेश नव्हे, हा शिष्टाचाराचा सल्ला. आईवडिलांच्या मनाचा मान राखणे हेही एक शोभिवंत वस्त्रच आहे.

परंतु खरी काळजी मला त्या मुलाच्या वस्त्राची वाटली नाही. काळजी वाटली ती कुजबुजीची. सूरह अल्-हुजुरातमध्ये (आयत ११) श्रद्धावंतांना बजावले आहे की कोणत्याही लोकांनी दुसऱ्यांची टर उडवू नये, कदाचित ते यांच्यापेक्षा चांगले असतील. एकमेकांना टोमणे मारू नयेत, वाईट नावे ठेवू नयेत. घेरदार वस्त्राचा हुकूम शोधायला भाष्यग्रंथ उघडावे लागतात. माणसाला नावे ठेवण्याचा हुकूम मात्र आयतीत उघड लिहिलेला आहे. जो संशयास्पद होता त्यावर आपण तुटून पडलो आणि जे स्पष्टपणे निषिद्ध होते ते मशिदीच्या ओसरीत बसून केले.

काही मुलांचा आवाज जन्मतःच मऊ असतो, चाल नाजूक असते. त्यांना तर गल्लीत, शाळेत आणि दुर्दैवाने मशिदीतही नाव ठेवले जाते. इमाम नववी (मृत्यू इ. स. १२७७) यांनी स्पष्ट केले आहे की जी ठेवण निसर्गतः आहे तिच्याबद्दल दोष नाही, निंदा नाही, दोष आहे तो जाणूनबुजून सोंग घेण्यात. जे अल्लाहने घडविले त्यावर हसणे म्हणजे घडविणाऱ्यावर हसणे होय. वाचकहो, आपल्या घरात, नात्यात असा एखादा मुलगा असेल तर त्याच्याकडे एकदा या दृष्टीने पाहावे.

याबाबत बुखारीतील एक प्रसंग मला फार प्रिय आहे. मक्काविजयानंतर एका टोळीने इस्लाम स्वीकारला. त्यांच्यात सर्वाधिक कुरआन पाठ होते ते अम्र बिन सलमा (रजि.) यांना, आणि त्यांचे वय होते सहा-सात वर्षांचे. टोळीने त्यांनाच इमाम केले. त्यांच्या अंगावरची चादर अपुरी होती, सजद्यात गेले की ती वर सरकत असे. टोळीतील एक स्त्री म्हणाली, आपल्या इमामाला नीट झाका तरी! मग लोकांनी कापड विकत आणले आणि त्या बालकाला सदरा शिवून दिला. त्या सदऱ्याइतका आनंद आपल्याला दुसऱ्या कशानेच झाला नाही, असे ते पुढे सांगत. येथे उणीव खरी होती, सतराची होती. तरीही त्या लोकांनी बालकाला मागच्या रांगेत ढकलले नाही, त्याला हसले नाही. त्यांनी कापड आणले.

म्हणून वडीलधाऱ्यांना विनंती आहे : मुलाच्या पेहरावात खरी चूक दिसली तर ती एकांतात, प्रेमाने आणि उपाय हाती घेऊन सांगा. केवळ नवेपणा दिसला तर थोडा धीर धरा. आपल्या वडिलांनी आपली पहिली बेल-बॉटम पाहिली तेव्हा त्यांना काय वाटले असेल, ते आठवा. तरुणांना विनंती आहे : नवे जरूर घाला, पण अंग झाका, उधळपट्टी टाळा, सोंग घेऊ नका, आणि आपल्या आवडीने आईबापाची मान खाली जाणार नाही एवढी काळजी घ्या. टोमण्यांमुळे मशीद मात्र सोडू नका. ती टोमणे मारणाऱ्यांची नाही, ती अल्लाहची आहे.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुरुषाच्या कफनात जी वस्त्रे असतात त्यांतही इझार असतो. ज्याने आयुष्यभर सूट घातला त्याला, आणि ज्याने शेतात राबताना फक्त लुंगी नेसली त्यालाही, लोक एक दिवस न शिवलेल्या पांढऱ्या कापडात गुंडाळतील, आणि त्या दिवशी कोणाचीही आवड विचारली जाणार नाही. त्यापूर्वी जे तिसरे वस्त्र आपल्याला स्वतः विणावयाचे आहे, ते ईशभयाचे, त्याचे धागे आपल्या जिभेवर आणि अंतःकरणात आहेत. अल्लाह आपणा सर्वांना ते विणण्याची सद्बुद्धी देवो आणि आपली लाज इहलोकी व परलोकी झाकून ठेवो. आमीन.